भुवईच्या वतीनं

२ फेब्रुवारी, सोमवार

मंडळाचं पत्रक आलं. शाळांत काम करणाऱ्या सांकेतिक भाषेच्या सगळ्या दुभाष्यांनी मार्चअखेर उजळणी प्रशिक्षण पूर्ण करायचं, नाहीतर प्रमाणपत्राचं नूतनीकरण नाही. नूतनीकरण नाही म्हणजे वर्गात उभं राहायचं नाही. सरळ घरी बसा.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हात हलवून माझे खांदे कामातून गेले आणि आता कोणीतरी मला शिकवणार, की खुणा कशा करायच्या! मोठ्या बाईंकडे गेले. त्या आमच्या मुख्याध्यापिका. म्हटलं, "अनुभवाला काही किंमत आहे की नाही?" त्या म्हणाल्या, "आहे ना. पण मंडळाच्या संगणकाला ते कसं सांगायचं?"

हे जेवताना म्हणाले, "कर की गं. तेवढीच करमणूक." यांचं काय जातंय बोलायला!

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुरू केलं. बहुतेक भाग घरबसल्या आहे, ध्वनिचित्रफिती बघायच्या. टॅबलेट ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. पडद्यावरची बाई दुभाष्याची नीतिमत्ता वगैरे सांगत होती. मध्येच एक चौकट उगवते, 'आपण उपस्थित आहात का?' आणि खाली 'हो'. दाबलं नाही की सगळं थांबतं. माझे हात ओले. शेवटी सासूबाईंना खुर्ची आणून दिली आणि सांगितलं, चौकट आली की 'हो'वर बोट ठेवायचं. त्यांना इतकी मजा वाटली, की चौकट नसतानाही दाबत बसल्या.

शेवटी प्रश्न होते. निम्मे यांनी सोडवले, पास झालो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंना अलीकडे कमी ऐकू येतं, पण कबूल करतील तर शपथ! काहीही विचारा, मान डोलावतात आणि "हो का, छान" म्हणतात. आज मी म्हटलं, "आई, नळ दुरुस्त करणारा येऊन गेला का?" तर, "हो का, छान." मी चिडले. अहो, ऐकू आलं नाही तर विचारावं ना माणसानं! मान हलवून समोरच्याला का फसवायचं?

दुपारी भुवईची आई शाळेच्या दाराशी भेटली. भुवई म्हणजे माझी वर्गातली मुलगी, मी तिला माझीच म्हणते. नववीत आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. दुसरीपासून तिच्या वर्गात फळ्याशेजारी मीच उभी असते. शिक्षक बोलतात ते मी हातांनी तिला सांगते, ती हातांनी बोलते ते मी तोंडानं वर्गाला सांगते. आमच्या धंद्याचा नियम असा, की तिच्या वतीनं बोलताना 'मी' म्हणायचं. तिला तहान लागली तर "तिला तहान लागलीये" नाही, "मला तहान लागलीये." म्हणजे वर्गात तिचा आवाज मी. याचा मला अभिमान आहे, का नसावा?

तर तिची आई म्हणाली, "घरी हातांनी नुसती बडबड चालू असते हो, पण आम्हाला निम्मंही कळत नाही. शाळेत काय काय बोलते?" मी म्हटलं, "गुणी आहे. जास्त बोलत नाही. विचारलं तेवढंच उत्तर देते." आईचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. स्तुतीच तर केली होती मी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस प्रत्यक्ष हजर राहून करायचा आहे आणि तिथे आपल्याच वर्गातलं चित्रण न्यायचं आहे. कपाळ माझं! हे काही सासूबाईंच्या बोटानं होणार नाही. म्हणून आज विज्ञानाच्या तासाला बाजूच्या खिडकीत मोबाइल लावून ठेवला, भुवई आणि मी दोघी दिसू अशा बेतानं.

लोखंडी खिळा बुडतो मग लोखंडी जहाज का बुडत नाही, हा धडा. सरांनी विचारलं, भुवईनं हात वर केला आणि बरंच काही बोलली. भराभर. मध्ये काही खुणा निसटल्या, पण मोठं, पाणी, बुडत नाही हे मिळालं. बाकी संदर्भावरून जोडून घेतलं. अनुभवाचा फायदा तो हाच. मी बोलले, "जहाज खूप मोठं असतं, म्हणून ते बुडत नाही." सर म्हणाले, "नाही. आकाराचा प्रश्नच नाही. मी काय शिकवतो ते नीट बघत जा." ते मी तिला सांगितलं. तिची डावी भुवई वर गेली. ती तशी आपोआप वर जाते, म्हणून तर तिचं खुणेचं नाव ते पडलं. बोटानं भुवई उचलली की ती.

शाळेतली कर्णबधिर मुलं सगळ्यांना अशी नावं ठेवतात, आपल्याला निवडता येत नाही. माझं नाव म्हणजे मूठ वळून मान डोलावल्यासारखी दोनदा वरखाली करायची. होकार देणारी बाई. किती गोड!

चित्रण झकास आलंय. निळा रंग मला खुलून दिसतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सरांनी मधल्या सुट्टीत गाठलं. पुढच्या वर्षीच्या विज्ञान गटाची (निवडक मुलं, प्रयोगशाळेत जादा तास) यादी पुढच्या शुक्रवारी लागणार. भुवईनं अर्ज केलाय. तिला प्रयोगशाळेतच काम करायचंय, हे ती दर वर्षी सांगते. सर भले आहेत, अवघडून बोलत होते. "मुलगी मेहनती आहे. पेपर बरे लिहिते. पण वर्गात एकही प्रश्न नाही, उत्तर दिलं तर असं काहीतरी भलतंच. नुसती घोकंपट्टी वाटते. तुम्ही तिला जवळून ओळखता. तुम्हाला काय वाटतं?"

मी विचार करून म्हटलं, "सर, ती थोडी संथ आहे. नाही झेपणार तिला. उगाच रडत बसेल."

वाईट वाटलं बोलताना, पण तिच्या भल्यासाठीच बोलले. आपलं माणूस म्हणून खरं तेच सांगायला हवं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रशिक्षणाहून आले. लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी स्वतःलाच काहीतरी बरं वाटेल असं सांगेन.

प्रशिक्षक स्वतः कर्णबधिर. पांढरी दाढी, मिस्कील डोळे. आम्ही सगळे गोल बसलो होतो, एकेकाचं चित्रण भिंतीवर लागत होतं. माझं लागलं. मी ऐटीत. भुवईनं हात वर केला, बोलायला लागली आणि प्रशिक्षक खो खो हसायला लागले. मांडीवर थाप मारून हसले. परत लावा म्हणाले. परत हसले. मला हातांनी विचारलं, "कोण ही मुलगी? काय डोकं आहे! वर्ग किती हसला असेल!"

मला काही कळेना. वर्ग कुठे हसला? मी काय केलं, तर मान डोलावली आणि हसले. होय, मी तिथेही मान डोलावली.

त्यांना आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी शेजारच्या कुरळ्या केसांच्या तरुण दुभाषी मुलीला विचारलं, "बाईंनी हे बोलून कसं दाखवलं?" तिनं हळूच हातांनी सांगितलं, 'जहाज खूप मोठं असतं, म्हणून ते बुडत नाही.'

त्यांचं हसू थांबलं.

मग त्यांनी भुवईचं बोलणं खूण खूण थांबवून दाखवलं. ती म्हणाली होती, "जहाज लोखंडाचं दिसतं, पण आत बहुतेक हवाच भरलेली असते. लोखंड नुसतं वरचं कातडं. पूर्ण जहाजाचं वजन त्याच्या जागेत मावणाऱ्या पाण्यापेक्षा कमी, म्हणून तरंगतं. आत पाणी शिरलं की त्याचाही खिळा. सरांची ती भली मोठी बॅग टाकून बघा पाण्यात. मुळीच बुडणार नाही, आत डबा सोडला तर हवाच असते."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ते रागावले असते तर चाललं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कळलं नव्हतं, तर थांबवलं का नाहीत तिला?" मी म्हटलं, वर्ग चालू असतो, वेळ नसतो. त्यांनी मान हलवली आणि माझं खुणेचं नाव विचारलं. मी मूठ वळली आणि दोनदा डोलावली.

कुरळीनं नजर खाली घातली. आणि मला माझ्या नावाचा अर्थ तिथे, परक्या माणसांसमोर कळला.

निघताना ते म्हणाले, "तुमचे तास पूर्ण झाले. प्रमाणपत्र मिळेल. मंडळ हजेरी बघतं, हे बघत नाही. हे तुम्ही बघा."

म्हणजे मी गप्प बसले तर काहीही होणार नाही. नोकरी शाबूत. आणि शुक्रवारी यादीत तिचं नाव नसेल.

आज दुपारी सासूबाईंना विचारलं, चहा ठेवू का, तर "हो का, छान." मी एकदम ओरडले, "आई, ऐकू येत नाही तर विचारत का नाही तुम्ही?" एवढ्या जोरात ओरडले, की त्यांना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "दोनदा 'काय' म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात. तिसऱ्यांदा कोण विचारणार? मान हलवली की सगळे खूश."

त्यांचं खरं आहे. पण भुवईनं कधी कपाळाला आठी घातली नव्हती. मग मी का नाही विचारलं? सर बघत असतात, वर्ग बघत असतो, त्यांच्यासमोर "मला कळलं नाही" म्हटलं असतं तर मी काय राहिले असते? माझी अब्रू राहावी म्हणून पोरीला मठ्ठ ठरवलं मी. वर सरांना सांगूनही आले. संथ आहे म्हणे!

२३ फेब्रुवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत जिन्याशी उभी राहून बघितलं. भुवई आठवीतल्या दोन कर्णबधिर मुलींशी बोलत होती. हात नुसते उडत होते, मुली हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. मी यातलं कितीसं समजून घेऊ शकत होते? धड निम्मंही नाही. मी शिकले तेव्हाच्या खुणा आणि हिच्या खुणा यांत केवढं अंतर पडलंय. मी मात्र तिथेच उभी, एखाद्या बंद पडलेल्या घड्याळासारखी.

मग तिनं मला पाहिलं आणि तिचे हात लगेच बदलले. संथ, मोठे, सुटे सुटे. म्हाताऱ्या माणसाला रस्ता सांगावा तसे. "बाई. काही. काम. आहे?"

मी विचारलं, "माझ्याशी असं का बोलतेस?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "तुम्हाला त्रास होतो ना. लांब बोललं की तुम्ही मान हलवता, पण डोळे घाबरलेले असतात. म्हणून मी कमी बोलते. जहाजाच्या दिवशी विसरले. सॉरी."

सॉरी! ती मला म्हणाली!

मी म्हणायला हवं होतं, की अगं, ते मी चुकीचं सांगितलं, मीच. जिभेवर, म्हणजे हातांवर आलं होतं. घंटा झाली, म्हणजे इतरांसाठी झाली, आणि मी तीच संधी साधून पळाले. भित्री कुठली!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "त्या प्रश्नांची उत्तरं मी द्यायला नको होती."

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज सरांना सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत, मोठ्या बाईंनाही बोलावून. तिथवर जाताना दोनदा पाणी प्यायच्या निमित्तानं थांबले.

म्हटलं, "सर, भुवई संथ नाही. मी कमी पडते."

त्यांना वाटलं मी नम्रपणा करतेय. मग चित्रण लावलं आणि ती काय म्हणाली होती ते शब्द न् शब्द सांगितलं. बॅगेचंही. बॅग टेबलाखालीच होती. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे एवढे दिवस मी तिच्याशी बोलतोय असं मला वाटत होतं, आणि मी बोलत होतो तुमच्याशी?"

"हो."

"मी तिला वर्गासमोर बोललो, नीट बघत जा म्हणून. आणि झेपणार नाही हेही तुम्हीच म्हणालात ना?"

"हो सर."

"का पण?"

मोठ्या बाईंनी विचारलं, असं किती वेळा झालं असेल? मी म्हटलं, मला माहीत नाही, कारण जे कळलंच नाही ते मोजणार कसं? त्या मग माझ्याशी नेहमीचं "अहो बाई" सोडून कोरडं "तुम्ही" एवढंच म्हणत राहिल्या. माझ्या जागी दुसऱ्या दुभाषीचा शोध सुरू करणार आहेत. बरोबरच आहे. मी त्यांना सांगितलं, मला पुन्हा पहिल्यापासून शिकायचंय.

सर शुक्रवारी, यादी लावण्याआधी, वर्गातच भुवईची तोंडी परीक्षा घ्यायला तयार झाले. मी कुरळीला फोन केला, तू येशील का म्हणून. तिची त्या दिवशी तिच्या शाळेत परीक्षा. दुसरं कोणी मिळेना. शेवटी सर म्हणाले, "मग तुम्हीच उभ्या राहा. पण जे कळणार नाही तिथे थांबायचं. मोठ्यानं सांगायचं. मला तुमचं उत्तर नकोय."

भुवईलाही गाठून सांगितलं, जहाजाचं उत्तर मी चुकीचं बोलले होते. ती म्हणाली, "फक्त जहाजाचं?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती निघून गेली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळा वर्ग बसलेला. सरांनी तोच प्रश्न विचारला. भुवईनं माझ्याकडे बघून संथ, सुट्या खुणा सुरू केल्या. मी तिला थांबवलं. "छोटं करू नकोस. मैत्रिणींशी बोलतेस तसं बोल." तिची भुवई वर गेली. विश्वास नव्हताच तिचा, कसा असणार? पण सुरू झाली.

तिसऱ्याच वाक्याला माझी गाडी अडली. मान आपोआप हलायला लागली होती, ती मी आवरली आणि वर्गाकडे वळून म्हटलं, "दुभाषीला कळलं नाही. परत विचारते." मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. तिनं परत सांगितलं. परत अडले. परत मोठ्यानं म्हटलं. घनतेची एक खूण तिनं मोठ्या मुलांकडून उचलली होती, ती मी जन्मात पाहिली नव्हती. ती वैतागली, उठली, फळ्यावर चौकोन काढून त्यात टिंबं भरली. मग कळलं. मी किती वेळा अडले, देव जाणे. इतक्या वर्षांची सगळी लाज एका तासात वसूल झाली. पण सर पुढे सरकून बसले होते. ते आता माझ्याकडे बघतच नव्हते. तिच्याकडे बघत होते, तिला उलट प्रश्न विचारत होते आणि ती त्यांना उत्तरं देत होती.

मग ती बॅगेवर आली. थोडं थांबून सरांकडे बघून घेतलं आणि बोलली. मला सगळं कळलं. मी म्हटलं, "सरांची बॅग टाकून बघा पाण्यात. मुळीच बुडणार नाही, आत डबा सोडला तर हवाच असते."

अख्खा वर्ग हसून फुटला. सरांनी बॅग टेबलावर ठेवून उघडली, आत खरोखरच डबा! मग तर पोरं बाकं बडवायला लागली. सर स्वतः डोळे पुसत होते. म्हणाले, "हिचं नाव यादीत पहिलं लिहितो."

भुवई मात्र हसत नव्हती. तिनं सगळीकडे पाहिलं, ओठ, दात, बडवणारे हात. घाबरून माझ्याकडे वळली. "काय चुकलं? काय सांगितलंत तुम्ही?"

मी म्हटलं, "काही चुकलं नाही. तू म्हणालीस तेच सांगितलं."

"तेच?"

"तेच. सगळं. आणि तुझं नाव यादीत आहे."

ती हळूहळू वर्गावरून नजर फिरवत राहिली, एकेका चेहऱ्यावर थांबत. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, अगदी लहान, छातीजवळच्या खुणांनी. मला कळलं नाही.

"परत सांग," मी म्हटलं.

तिनं परत सांगितलं.

सरांनी विचारलं, "काय म्हणतेय?" वर्ग अजून हसत होता. टाळता आलं असतं. "थँक यू म्हणतेय" म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? मी वर्गाकडे तोंड केलं आणि तिच्या वतीनं, नियमाप्रमाणे 'मी' म्हणून, एकही शब्द न गाळता बोलले:

"एवढी वर्षं मला वाटायचं, माझे विनोदच वाईट असतात."